अँटिगनी कशी वाचावी: सोफोक्लीसच्या नाटकापासून तिच्या आजच्या अवतारांपर्यंत

थीब्जच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. त्यांचा मामा क्रेऑन राजा झाला. शहराच्या बाजूने लढलेल्या एटिओक्लीसला त्याने इतमामाने पुरलं आणि शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसीसचं प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकायचा हुकूम काढला. बहिणीने, अँटिगनीने, हुकूम मोडून त्या प्रेताला मूठमाती दिली. ती पकडली गेली, तिला जिवंतपणी एका गुहेत चिणलं, आणि तिच्यामागोमाग राजाचा मुलगा आणि राणीही गेली.

गोष्ट एवढीच आहे, आणि ती वाचायच्या आधीच आपल्या कानावर एक वाक्य पडलेलं असतं: ‘हे व्यक्ती विरुद्ध राज्यसत्तेचं नाटक आहे.’ वाक्य खोटं नाही. पण ते डोक्यात घेऊन वाचायला बसलं की नाटकाचं भाषण होतं, अँटिगनीची घोषणा होते, आणि पुढचे सगळे लेखक तीच घोषणा आपापल्या भाषेत देताहेत असं वाटू लागतं. म्हणून मी वेगळी वाट सुचवतो. नजर प्रेतावर ठेवा. ते कुठे पडलंय, त्याला कोण हात लावतं, कोण लावू देत नाही, त्याचा वास कुठपर्यंत पोचतो, हे पाहत चला. सोफोक्लीसचं मूळ ग्रीक नाटक त्याने उलगडतं, आणि नंतरच्या प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं हेही तिथेच कळतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: दंतकथा आणि नाटक वेगळं काढा

ग्रीक दंतकथा म्हणजे एकदाच लिहून ठेवलेली पोथी नव्हे. होमरच्या ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात अँटिगनीच्या बापाची, ईडिपसची, गोष्ट येते, पण तिथे ज्या आईशी त्याने नकळत लग्न केलं तिचं नाव एपिकास्टी आहे, ती गळफास घेते, आणि ईडिपस मात्र दुःख सोसत थीब्जवर राज्य करत राहतो. डोळे फोडून घेणं नाही, वनवास नाही. ‘इलियड’मध्ये तर त्याच्या अंत्यविधीच्या वेळी थीब्जमध्ये खेळांच्या स्पर्धा झाल्याचा ओझरता उल्लेख आहे.

अँटिगनीच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. सोफोक्लीसच्या आधी तिने राजाचा हुकूम मोडून भावाला माती दिल्याची कथा खात्रीने कुठेच सापडत नाही. इस्किलसच्या ‘थीब्जविरुद्ध सात’ या इ.स.पू. ४६७ च्या नाटकाच्या शेवटी ती येते खरी, पण तो भाग सोफोक्लीसचं नाटक गाजल्यावर कुणीतरी मागून जोडला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. युरिपिडीसचीही एक ‘अँटिगनी’ होती. ती हरवली, पण जुन्या टिपणांतून एवढं कळतं की तिच्यात अँटिगनीचं क्रेऑनच्या मुलाशी, हेमॉनशी, लग्न होतं आणि त्यांना मुलगाही होतो. शंभर वर्षांच्या आत, त्याच शहरात, त्याच मुलीचा असा वेगळा शेवट.

वहीच्या पहिल्या पानावर वंशावळ काढून ठेवा: लाइअस आणि योकास्टा, त्यांचा मुलगा ईडिपस, मग ईडिपस आणि योकास्टाची चार मुलं: एटिओक्लीस, पॉलिनायसीस, अँटिगनी, इस्मिनी. क्रेऑन हा योकास्टाचा भाऊ. युरिडिसी त्याची बायको. हेमॉन त्यांचा मुलगा, म्हणजे अँटिगनीचा मामेभाऊ आणि होणारा नवरा. हे पान वाचताना सतत लागतं, कारण नाटकातला प्रत्येक वाद घरातल्याच माणसांत होतो.

पायरी २: प्रत निवडा

मराठीत डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर आणलेली ‘अँटिगनी’ ही फ्रेंच नाटककार जाँ अनुईची आहे, सोफोक्लीसची नाही. नाव तेच असल्याने गफलत होते. मराठी नाट्यरसिकांच्या मनातला थकलेला, समंजस, मुलीला वाचवू पाहणारा क्रेऑन बराचसा अनुईकडून आला आहे. सोफोक्लीसची ओळख मराठी वाचकाला होते ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मधून, ते याच घराण्याचं, पण आधीच्या पिढीचं नाटक. तेही जवळ असू द्या.

‘अँटिगनी’साठी इंग्रजी अनुवादाचा आधार घ्यायचा असेल तर दोन घ्या, एक पुरत नाही. रिचर्ड जेब यांचा एकोणिसाव्या शतकातला गद्य अनुवाद इंटरनेटवर मोफत आहे. भाषा जुनी, पण मुळाला धरून. सोबत रॉबर्ट फेगल्स यांचा अनुवाद ठेवा. तो मोठ्याने वाचायला फार चांगला. समासात मूळ ग्रीक ओळींचे आकडे दिलेली प्रतच घ्या. संपूर्ण नाटक १३५३ ओळींचं आहे, आणि दोन अनुवाद ताडून पाहायला हे आकडे नसतील तर पानं उलटण्यातच वेळ जातो.

पायरी ३: अथेन्सच्या प्रेक्षकाशेजारी बसा

नाटक इ.स.पू. ४४१ च्या आसपासचं. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनायससचं नाट्यगृह, वसंतातला उत्सव, उघड्यावर दिवसाउजेडी प्रयोग. बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, मुखवटे घातलेले. आणि पंधरा जणांचं समूहगायन, इथे थीब्जच्या वृद्धांचं. सोफोक्लीस नुसता नाटककार नव्हता. सेमॉस बेटाविरुद्धच्या मोहिमेत तो अथेन्सचा सेनापती म्हणून निवडून आला होता, आणि ‘अँटिगनी’ गाजल्यामुळेच निवडून आला अशी आख्यायिका पुढे चालत आली. राज्य चालवणं म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाने हे लिहिलंय, एवढं लक्षात असू द्या.

या पायरीवर समजून घ्यायची खरी गोष्ट म्हणजे देशद्रोह्याच्या प्रेताचा नियम. अथेन्समध्ये देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, भूमीत पुरायला बंदी होती. थेमिस्टोक्लीससारख्या सेनानीवर हा ठपका आला आणि तो परमुलखात मेला. त्याच्या अस्थी नातेवाइकांनी गुपचूप आणून पुरल्या असं बोललं जाई, हे इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवलं आहे. म्हणजे ‘शहरावर चालून आलेल्याला शहरात माती मिळणार नाही’ हे क्रेऑनचं म्हणणं ऐकून पहिल्या रांगेतला अथेनियन दचकला नसता. पण सीमेबाहेर नेऊन पुरायला घरच्यांना मोकळीक असे. क्रेऑन तीही देत नाही. प्रेत गावाच्या हद्दीतच राहील, उघडं राहील, त्यावर पहारा राहील, कुणी रडायचंही नाही. नियमाच्या एक पाऊल पुढे तो जातो, आणि सगळं नाटक त्या एका पावलाचं आहे.

म्हणून क्रेऑनचं पहिलं भाषण (ओळ १६२ पासून) सहानुभूतीने वाचा. शहर हेच आपल्याला तारणारं जहाज, आप्त-मित्र त्याच्यानंतर, असं तो सांगतो. शंभरएक वर्षांनी, इ.स.पू. ३४३ मध्ये, अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीसने हेच भाषण भर न्यायसभेत देशभक्तीचा नमुना म्हणून वाचून दाखवलं. का, तर त्याचा प्रतिस्पर्धी इस्किनीस पूर्वी नट होता, क्रेऑनची भूमिका करायचा, आणि ते शब्द विसरला होता असा त्याचा आरोप होता. नेल्सन मंडेलांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात क्रेऑनचीच भूमिका केली होती. क्रेऑन सुरुवातीला प्रामाणिक आणि देशभक्त आहे, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. हा माणूस पहिल्या वाक्यापासून खलनायक वाटला तर पुढचं काहीच हाती लागत नाही.

पायरी ४: एका बैठकीत, मोठ्याने वाचा आणि प्रेताचा माग ठेवा

पहिलं वाचन तुकड्यातुकड्यांनी करू नका. दीड-दोन तासांचं काम आहे. टिपा पाहू नका. पेन्सिल घ्या आणि प्रेताचा उल्लेख आला की समासात खूण करा. दुसऱ्या वाचनात त्या खुणांवर थांबत जा.

पहिली खूण पहारेकऱ्याच्या तोंडची. तो घाबरत घाबरत येऊन सांगतो की रात्री कुणीतरी प्रेतावर कोरडी माती टाकून गेलंय. कुदळीचा घाव नाही, गाडीच्या चाकाचा माग नाही, जनावराने ओढल्याची खूण नाही. खड्डा खणलेलाच नाही. नुसता मातीचा पातळ थर, विधीपुरता. समूहातला म्हातारा म्हणतो, हे देवांचं तर काम नसेल? आणि क्रेऑन पहिल्यांदा भडकतो तो इथे. त्याला लगेच पैशाचा वास येतो, कुणीतरी लाच खाल्लीय असं तो धरून चालतो.

दुसरी खूण त्याच पहारेकऱ्याची, तो अँटिगनीला घेऊन येतो तेव्हाची (ओळ ४०७ च्या पुढे). पहारेकऱ्यांनी प्रेतावरची माती झाडून काढली, ओलसर झालेलं शरीर उघडं केलं आणि वास चुकवायला वाऱ्याच्या वरच्या बाजूला टेकाडावर बसले. सूर्य डोक्यावर आला. अचानक धुळीची वावटळ उठली, झाडांची पानं झोडपली गेली, माणसांनी डोळे मिटून घेतले. वावटळ सरली आणि बघतात तो मुलगी उभी. पिल्लं नाहीशी झालेलं घरटं पाहून पक्षीण करते तसा आक्रोश करत. मग तिने हातांनी माती टाकली, काशाच्या कलशातून तीनदा धार सोडली. धरायला गेले तर पळाली नाही.

ती दुसऱ्यांदा का आली हे कोडं फार जुनं आहे. विधी एकदा झाला म्हणजे झाला, मग जीव धोक्यात घालून परत कशाला? पहिल्यांदा माती देवांनीच टाकली इथपासून इस्मिनीने टाकली इथपर्यंत तर्क झाले आहेत. मला वाटतं उत्तर त्या दृश्यातच आहे: तिने झाकलेलं शरीर कुणीतरी पुन्हा उघडं केलं होतं. अंगावरचं पांघरूण ओढलं गेलेलं पाहून बहीण ते पुन्हा घालते, त्याला निराळं कारण लागत नाही. आणि नाटककाराच्या दृष्टीने, ती पकडली जायला हवी होती ती याच अवस्थेत, तत्त्वज्ञान सांगताना नव्हे.

तत्त्वज्ञान त्यानंतर येतं. ओळ ४५० पासून ती क्रेऑनला सुनावते की हा हुकूम झ्यूसने दिलेला नाही, आणि देवांच्या न लिहिलेल्या नियमांपुढे मर्त्य माणसाचा हुकूम टिकत नाही. हाच उतारा सगळीकडे उद्धृत होतो. तो उत्तम आहेच, पण इथेच वाचन संपवू नका. लगेच पुढच्या दृश्यात इस्मिनी म्हणते, मीही दोषी, मला तुझ्याबरोबर मरू दे. आणि अँटिगनी तिला कठोरपणे झिडकारते. मेलेल्या भावासाठी जीव देणारी मुलगी जिवंत बहिणीला दारात उभं करत नाही. या ओळींवर दोन रेघा मारा.

हेमॉनचं दृश्य (६३५ ते ७८०) दोन आवाजांत वाचण्यासारखं आहे. मुलगा अतिशय अदबीने सुरुवात करतो: पुरात वाकणारी झाडं टिकतात, ताठ राहणारी मुळासकट जातात, शिडाची दोरी सैल न सोडणाऱ्याची नाव उलटते. पाहता पाहता दोघे एका-एका ओळीवर येतात आणि हेमॉन बोलून जातो की एकाच माणसाच्या मालकीचं शहर हे शहरच नव्हे. तो अँटिगनीवरच्या प्रेमाबद्दल अवाक्षर काढत नाही. ती दोघं सबंध नाटकात एकदाही एकत्र रंगमंचावर येत नाहीत.

मग आंधळा द्रष्टा टायरेसियस येतो आणि प्रेत शेवटी सगळ्या शहरात पोचतं. पक्षी एकमेकांना फाडताहेत, यज्ञातला अग्नी पेटत नाही, चरबी वितळून राखेत गळते, कारण कुत्र्यांनी आणि गिधाडांनी त्या शरीराचे तुकडे वेदीवेदीवर आणून टाकलेत. क्रेऑनचा अपराध तो दोन वाक्यांत सांगतो: वरच्या जगातल्या एका जिवाला तू थडग्यात घातलंस आणि खालच्या देवांचं असलेलं प्रेत वर अडवून धरलंस. नाटकाचा सगळा आराखडा त्यात आहे. पुरायचं ते उघड्यावर, आणि उघड्यावर जगायचं ते पुरलेलं.

यानंतरचा एक तपशील घाईत वाचणाऱ्यांच्या हातून हमखास सुटतो. क्रेऑन हादरतो आणि विचारतो, काय करू? समूह सांगतो: जा, आधी मुलीला गुहेतून सोडव, आणि मग पडलेल्याला थडगं दे (११००-११०१). निरोप्याकडून पुढची हकिगत कळते तेव्हा क्रम उलटा झालेला असतो. क्रेऑन आधी माळावर गेला, पॉलिनायसीसच्या अवशेषांना स्नान घातलं, कोवळ्या फांद्यांवर दहन केलं, मातीचा उंच ढिगारा रचला. मग गुहेकडे वळला. तोवर अँटिगनीने तलम वस्त्राचा फास लावून घेतला होता आणि हेमॉन तिच्या कमरेला मिठी मारून बसला होता. क्रेऑनला उशिरा कळलं असं सगळे म्हणतात. कळल्यावरही त्याने मेलेल्याला जिवंताच्या आधी घेतलं, हे म्हणत नाहीत. त्याच्या जागी मीही देवांच्या कोपाच्या भीतीने तसंच केलं असतं का, हा प्रश्न मला नेहमी छळतो.

पायरी ५: ओळ ९०४ ते ९२० वर थांबा

गुहेकडे नेलं जात असताना अँटिगनी असं काही बोलते की त्याने भल्याभल्यांची झोप उडवली. ती म्हणते: नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं. नवरा मेला तर दुसरा करता येईल, मूल गेलं तर दुसरं होईल. पण आईबाप खाली गेल्यावर भाऊ पुन्हा जन्माला येणार नाही. मग त्या न लिहिलेल्या शाश्वत नियमांचं काय झालं? १८२७ साली जर्मन कवी गटेने आपला सहकारी एकरमानला सांगितलं की हा उतारा खोटा असल्याचं एखाद्या भाषापंडिताने सिद्ध केलं तर फार बरं होईल. पण अ‍ॅरिस्टॉटलने ‘वक्तृत्वशास्त्रा’त या ओळी दिलेल्या आहेत, म्हणजे त्याच्या काळी त्या नाटकात होत्याच.

हा युक्तिवाद कुठून आला? सोफोक्लीसचा समकालीन इतिहासकार हिरोडोटस इंटाफर्नीसच्या बायकोची गोष्ट सांगतो. पर्शियाचा राजा दारयवहू तिच्या सगळ्या घराला पकडतो आणि एकाचा जीव मागून घे म्हणतो. ती भावाला मागते, आणि कारण हेच देते. खूष होऊन राजा तिचा थोरला मुलगाही सोडून देतो.

आणि इथे आपल्या ओळखीचं काही समोर येतं. पाली उच्छंग जातकात कोसलच्या राजासमोर एक बाई उभी आहे. नवरा, मुलगा आणि भाऊ तिघेही पकडले गेलेत. तीही भावाला मागते: मुलगा तर ओटीतच आहे, नवरा वाटेने जाताना मिळेल, पण सख्खा भाऊ जिथून आणता येईल तो देश मला दिसत नाही. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात लक्ष्मण पडल्यावर राम विलाप करतो तो असा: ‘देशे देशे कलत्राणि देशे देशे च बान्धवाः । तं तु देशं न पश्यामि यत्र भ्राता सहोदरः ॥’ ‘तो देश मला दिसत नाही’ हे शब्दसुद्धा जवळपास तेच. ग्रीस, इराण आणि भारत यांच्यामध्ये ही कथा कशी फिरली यावर एकोणिसाव्या शतकापासून खल चालू आहे.

वहीत हे चारही प्रसंग शेजारीशेजारी लिहा, म्हणजे सोफोक्लीसने केलेला फरक आपोआप दिसेल. जातकातली आणि हिरोडोटसमधली बाई सौदा करते आहे. तिच्या उत्तराने एक जिवंत माणूस परत मिळणार आहे. रामाच्या बाबतीत लक्ष्मण उठणार आहे. अँटिगनीचा भाऊ मेलेला आहे आणि मेलेलाच राहणार. युक्तिवाद तोच, पण त्याचा उपयोग उरलेला नाही. म्हणून या ओळी मला मुळीच उपऱ्या वाटत नाहीत. क्रेऑनसमोर ती देवांचे दाखले देते. मरणाच्या वाटेवर, सोबत कुणी नसताना, तिला आठवतो तो भाऊ, नियम नाही.

पायरी ६: नंतरचे अवतार चार प्रश्नांनी वाचा

आता पुढच्या लेखकांकडे या, पण सगळे वाचायचा हट्ट नको. तीन निवडा आणि प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. प्रेताचं काय केलं? क्रेऑनला कोणती कारणं दिली? कुणाला गाळलं किंवा नव्याने आणलं? शेवटी रंगमंचावर कोण उरलं?

तत्त्वज्ञांबद्दल थोडक्यात. हेगेलने १८०७ च्या ‘मनाचे रूपशास्त्र’ आणि सौंदर्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत मांडलं की इथे बरोबर आणि चूक भांडत नाहीत; कुटुंबाचा धर्म आणि राज्याचा धर्म, दोन्ही खरे आणि दोन्ही एकांगी, एकमेकांवर आदळतात. हे वाचायला हवंच, कारण पुढची सगळी चर्चा त्याच्याशी सहमत होत किंवा भांडत चालली आहे. पण हेगेलच्या मांडणीत माळावरचं कुजणारं शरीर दिसेनासं होतं, आणि टायरेसियसचे पक्षीही. म्हणून तो नाटकानंतर वाचा, आधी नको.

जाँ अनुईचं नाटक फेब्रुवारी १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं. त्याची अँटिगनी लहान मुलाच्या फावड्याने माती टाकते. पॉलिनायसीस सुटीत वाळूचे किल्ले करायचा तेच फावडं. आणि क्रेऑन तिला एकांतात सांगतो की दोघे भाऊ सारखेच नालायक होते, आणि घोडदळाखाली तुडवलेली प्रेतं ओळखू येत नव्हती. त्यातलं जे बरं होतं ते त्याने थाटात पुरलं, कुणाचं होतं त्याला माहीत नाही. या एका बदलाने पायाच निघून जातो. माती दिली ती भावालाच, हेही आता नक्की नाही. देव नाहीत, टायरेसियस नाही. अँटिगनी जवळजवळ ऐकते, आणि क्रेऑन ‘सुखा’ची भाषा बोलू लागताच पुन्हा नकार देते. शेवटी क्रेऑन बैठकीला निघून जातो आणि पहारेकरी पत्ते खेळत राहतात. त्या काळी प्रतिकार करणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या आणि जर्मनांशी जुळवून घेणाऱ्यांनीही. दोघांना आपापलं सापडावं अशीच त्याची बांधणी आहे. सोफोक्लीस आणि अनुई पाठोपाठ वाचले तर या लेखातली निम्मी वाट चालून होते.

जर्मन नाटककार ब्रेख्तने नेमकं उलट केलं. १९४८ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या कूर गावात, अभिनेत्री हेलेन वायगेलला अँटिगनी करून, कवी होल्डरलिनच्या १८०४ च्या जर्मन अनुवादावर हात फिरवून त्याने प्रयोग केला. आधी एक छोटा प्रवेश: एप्रिल १९४५, बर्लिन, दोन बहिणी, आणि दाराबाहेर फासावर लटकवलेला भाऊ, जो सैन्यातून पळाला होता. त्याला खाली काढायला जायचं की नाही? त्यापुढच्या मुख्य नाटकातही पॉलिनायसीस आता हल्लेखोर नाही. क्रेऑनने आर्गॉस शहराच्या खनिजासाठी लढाई लावलीय, एटिओक्लीस त्यात पडतो आणि ते पाहून पॉलिनायसीस रणांगण सोडतो. म्हणजे क्रेऑनचं एकमेव सबळ कारण, शहराचं रक्षण, ब्रेख्तने काढून घेतलं. पाठीवर बांधलेलं दार वाहत वावरणारी अँटिगनी विसरणं अवघड आहे, तरी क्रेऑन इतका सोपा झाल्याने हे नाटक मला मुळापेक्षा उथळ वाटतं.

‘द आयलंड’ हे १९७३ साली केपटाऊनमध्ये अथोल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी मिळून उभं केलेलं नाटक माझ्या मते या सगळ्यांत मोठं. रॉबेन बेटावरचे दोन कैदी तुरुंगातल्या कार्यक्रमासाठी अँटिगनीचा खटला बसवताहेत. एकाची शिक्षा अचानक कमी होते, दुसरा जन्मठेपेवर आहे आणि त्याला बाईचा टोप घालायची लाज वाटते. इथे प्रेत नाही, पहिल्या प्रश्नाचं उत्तरच चुकतं असं वाटेल. पण टायरेसियसचं वाक्य आठवा: वरच्या जिवाला तू थडग्यात घातलंस. गुहा तीच, आणि ते दोघे आधीपासूनच तिच्यात आहेत.

ग्रिसेल्डा गाम्बारो यांचं अर्जेंटिनातलं ‘अँटिगोना फुरियोसा’ (१९८६) लष्करी राजवटीत ‘बेपत्ता’ केलेल्यांच्या सावलीतलं आहे. ते फासावर लटकलेल्या अँटिगनीपासून सुरू होतं, ती स्वतःच फास सोडवते. क्रेऑन म्हणजे एक पोकळ सांगाडा. कॅफेत बसलेला माणूस त्यात शिरला की क्रेऑन होतो. आयरिश कवी शेमस हीनी यांनी २००४ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरसाठी केलेलं रूपांतर मुळाच्या बरंच जवळचं आहे आणि कविता म्हणून वाचावं असं आहे.

कादंबरी हवी असेल तर कमिला शम्सी यांची ‘होम फायर’ (२०१७). लंडनमधली पाकिस्तानी वंशाची तीन भावंडं. भाऊ इस्लामिक स्टेटमध्ये जातो, परतू पाहताना इस्तंबूलमध्ये मारला जातो, आणि ब्रिटनचा गृहमंत्री त्याचं शव देशात आणू देत नाही. ते पाकिस्तानला पाठवलं जातं आणि बहीण कराचीतल्या बागेत बर्फावर ठेवलेल्या शवापाशी बसते. आता तिसरी पायरी आठवा. सीमेबाहेर पुरा, आमच्या भूमीत नको: हा सोफोक्लीसच्या क्रेऑनचा हुकूम नव्हे, हा अथेन्सचा खरा कायदा आहे. शम्सींचा गृहमंत्री अथेन्सच्या प्रेक्षकाला रास्त वाटला असता. प्रश्न त्यामुळे मुळापेक्षा अवघड झाला आहे. शिवाय कादंबरी थोरल्या बहिणीपासून, म्हणजे इस्मिनीपासून सुरू होते, आणि मूळ नाटकात जिची बाजू कुणी फारशी विचारत नाही तिला पूर्ण माणूस करते.

पायरी ७: चौघांत वाचा

हे नाटक एकट्याने वाचण्यापेक्षा चौघांत वाचल्यावर जास्त देतं. भूमिका अथेन्ससारख्या तिघांतच वाटा आणि चौथ्याला समूह द्या. एकच माणूस अँटिगनी आणि मग टायरेसियस वाचतो तेव्हा, जिला गुहेत पाठवलं तिचाच आवाज क्रेऑनवर उलटल्यासारखा ऐकू येतो. अँटिगनी शेवटची दिसते ती ९४३ व्या ओळीच्या सुमारास. उरलेल्या चारशे ओळी क्रेऑनच्या आहेत. क्रेऑन वाचणाऱ्याला दुसरी भूमिका देऊ नका, तो थकला पाहिजे. चर्चेला ‘कोण बरोबर?’ हा प्रश्न आधी घेऊ नका. त्यापेक्षा ‘ती दुसऱ्यांदा का आली?’ आणि ‘क्रेऑन आधी माळावर का गेला?’ हे दोन घ्या.

वेळ उरला तर त्याच लेखकाचं ‘कोलोनसला ईडिपस’ काढा. सोफोक्लीसने ते आयुष्याच्या अखेरीस, नव्वदीच्या उंबरठ्यावर लिहिलं, तो इ.स.पू. ४०६ मध्ये वारला आणि प्रयोग ४०१ मध्ये झाला. त्यात पॉलिनायसीस जिवंत आहे. थीब्जवर चाल करायला निघताना तो बहिणींना विनवतो की मी मेलो तर मला अपमानात टाकू नका, थडग्यात ठेवा. ‘अँटिगनी’त या वचनाचा मागमूस नाही, जवळजवळ पस्तीस वर्षांनी सोफोक्लीसने स्वतःच्याच नायिकेला हे नवं कारण दिलं. अँटिगनीचा नवा अर्थ लावणाऱ्यांत तोच पहिल्या काहींपैकी एक, आणि विनंती त्याने दोन्ही बहिणींना करवली आहे. ते दृश्य (१३९९ ते १४४६) वाचून झालं की ‘अँटिगनी’च्या पहिल्या शंभर ओळी पुन्हा वाचा आणि या वेळी इस्मिनीच्या वाक्यांखाली रेघा मारा.